विश्लेषण : परदेशी विमानतळावर डिंकाचे लाडू का अडतात?

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू असतात, शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत चिवडा आणि मसाला. ‘सोबत खाण्याचे पदार्थ आहेत का?’ या साध्या प्रश्नावर घाबरून दिलेले ‘नाही’ हे उत्तर मात्र या सगळ्यापेक्षा महाग पडू शकते. हे नियम कशासाठी आहेत, त्यात रास्त काय आणि अन्यायाचे काय?

नेमका प्रश्न काय आहे?

नाशिकहून परदेशी जाणाऱ्या बहुतेकांचा प्रवास मुंबईच्या विमानतळावरून सुरू होतो. त्याच्या आदल्या रात्री घरात वजनकाट्यावर बॅगा दोन-तीनदा चढतात. कपडे निघतात, चिवड्याची पाकिटे आत जातात. रविवार कारंजावरून आणलेला सुकामेवा, घरी कुटलेला गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कैरीचे लोणचे आणि बाळंतपणासाठी जायचे असेल तर डिंक, मेथी आणि अळिवाचे लाडू. जाणाऱ्याला हे सामान वाटते, पाठवणाऱ्याला ती माया वाटते.

पुढचा प्रसंग चौदा-वीस तासांनी येतो. विमानात न झोपलेल्या साठीच्या बाईंच्या हातात इंग्रजी कार्ड असते किंवा समोर गणवेशातला अधिकारी उभा असतो. प्रश्न एकच : मांस, दूध, फळे, भाज्या, बिया, अन्न यांपैकी काही सोबत आहे का? ‘घरचेच तर आहे’, ‘विकायला थोडेच नेतोय’, ‘हो म्हटले तर सगळे काढून घेतील’ असे मनात येते आणि ‘नाही’वर खूण होते.

गुन्हा तिथे घडतो. तो लाडवाचा नसतो, त्या ‘नाही’चा असतो. बहुतेक देशांच्या कायद्यात मनाई असलेला पदार्थ आणणे आणि तो लपवणे यांत मोठा फरक केलेला आहे. आधीच सांगितले तर फार तर तो पदार्थ काढून घेतला जातो. लपवला तर दंड होतो आणि कधी कधी व्हिसाही जातो.

दंड खरोखर होतो का?

होतो. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेले सफरचंद सापडले तरी जागेवर ४०० डॉलर भरावे लागतात. कॅनडात ही रक्कम १,३०० डॉलरपर्यंत जाते. अमेरिकेचे सीमाशुल्क खाते खाद्यपदार्थ न सांगितल्यास १० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असे बजावते.

सर्वांत कडक ऑस्ट्रेलिया. तेथे २०१९ पासून अशा कारणासाठी पर्यटक व्हिसा विमानतळावरच रद्द करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला उतरलेल्या एका व्हिएतनामी महिलेच्या सामानात न सांगितलेले सुमारे दहा किलो अन्न सापडले. त्यात कच्चे डुकराचे मांसही होते. तिचा व्हिसा रद्द करून तिला परत पाठवण्यात आले. पुढे विद्यार्थी आणि तात्पुरत्या कामाचे व्हिसाही या कक्षेत आणले गेले. शिक्षणासाठी घरादाराने कर्ज काढून पाठवलेल्या मुलासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडच्या वाचकांना चटकन कळेल असे उदाहरण सप्टेंबर २०२५चे आहे. मल्याळी अभिनेत्री नव्या नायर ओणमच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नला गेल्या. त्यांच्या हँडबॅगेत जेमतेम १५ सेंटीमीटरचा गजरा होता. तो न सांगितल्याबद्दल त्यांना १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे एक लाख रुपयांहून अधिक दंड झाला. अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केले. गजऱ्याला एवढे घाबरायचे कशाला, असा प्रश्न तेव्हा समाजमाध्यमांवर अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर मात्र फारसे कुणी शोधले नाही.

एवढ्याशा पुरचुंडीला देश का घाबरतात?

पहिले उत्तर तांदळाच्या डब्यात आहे. खापरा भुंगेरा ही धान्य साठवणुकीतली कीड मूळची भारतीय उपखंडातील मानली जाते. तिची अळी भेगांमध्ये लपून खाण्याशिवाय वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते आणि नेहमीच्या धुरीकरणालाही सहजी दाद देत नाही. १९५३ मध्ये ती कॅलिफोर्नियातील गोदामांत सापडली आणि तिचा नायनाट करायला १९६६ साल उजाडले. म्हणून आजही जिथे ही कीड आहे त्या देशांतून प्रवाशाने सोबत आणलेला तांदूळ अमेरिका आत घेत नाही. मग तो इंद्रायणी असो वा आंबेमोहोर.

ऑस्ट्रेलियाने तर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या धान्य-मसाल्यांची लांबलचक यादीच बंद केली. तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशी ती यादी आहे. मराठी घरातली फोडणीच त्यात आली! कारखान्यात भाजून, तळून किंवा शिजवून बंद पाकिटात भरलेल्या पदार्थांना मात्र त्यातून सूट आहे.

दुसरे उत्तर गोठ्यात आहे. गुरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याचा विषाणू मांसातून आणि काही दुग्धजन्य पदार्थांतून पसरू शकतो. ब्रिटनमध्ये २००१ साली या रोगाची साथ आली तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बेकायदा आलेले मांस डुकरांच्या खाद्यात गेल्याने ती साथ सुरू झाली असावी, असा चौकशीतला निष्कर्ष होता. विषाणूच्या त्या प्रकाराची पहिली नोंद १९९० मध्ये भारतात झाली होती. भारत अजून या रोगापासून मुक्त नाही. त्यामुळे आपल्या पेढ्या-बर्फीला ऑस्ट्रेलियात बंदी आहे आणि युरोपीय संघातही मांस व दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावर भारतातून आलेल्या बॅगेत शेणाच्या गोवऱ्या सापडल्या, तेव्हा त्या नष्ट करण्यामागेही हेच कारण होते.

तिसरे उत्तर कढीपत्त्यात आहे. कढीपत्ता हा लिंबूवर्गीय झाडांच्या कुळातला. त्याच्या ओल्या पानांवर सिट्रस सिला ही बारीक कीड राहते आणि ती ‘ग्रीनिंग’ हा रोग पसरवते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ मध्ये आढळला. त्यानंतरच्या वीस वर्षांत, जोडीला आलेल्या चक्रीवादळांसह, तेथील संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले. ओल्या कढीपत्त्याच्या जुडीकडे तिथला अधिकारी संशयाने पाहतो, कारण त्यामागे उजाड झालेल्या बागा आहेत.

नाशिककरांनी हे का समजून घ्यावे?

कारण हे दुखणे नाशिक जिल्ह्याने स्वतः सोसले आहे. येवला, मालेगाव, सिन्नर भागातील मका उत्पादकाला अमेरिकन लष्करी अळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. भारतात तिची पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकात झाली आणि काही महिन्यांतच ती महाराष्ट्राच्या मक्यावर होती. ती कुणाच्या बॅगेतून आली असे नव्हे. पण परकी कीड एकदा शिरली की परत जात नाही आणि औषधांचा खर्च दरवर्षी शेतकऱ्याच्या माथी बसतो, एवढे त्यातून दिसते. बांधाबांधावरचे गाजरगवतही आयात केलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे मानले जाते. १९५०च्या दशकात पुण्याजवळ दिसलेले हे गवत आज देशभर आहे.

द्राक्ष बागायतदाराला तर ही शिस्त पाठच आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि निफाड-दिंडोरीच्या अनेक शेतकऱ्यांचे हंगाम कोसळले. आज निर्यातीच्या प्रत्येक पेटीमागे बागेची नोंदणी, अंश तपासणी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असते. बागेतून नेदरलँड्सला जाणाऱ्या पेटीला जो नियम आहे, त्याच नियमाचे छोटे रूप त्याच घरातून निघालेल्या बॅगेला लागू होते. युरोपीय संघात डिसेंबर २०१९ पासून प्रमाणपत्राशिवाय प्रवाशाला फक्त पाच ताजी फळे नेता येतात : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. द्राक्षे त्यांत नाहीत.

शिवाय भारतही वेगळे काही करत नाही. बाहेरून रोपे, बिया आणताना आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना लागतो.

मग कंपनीचा आंबा चालतो, आईचा का नाही?

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण नाशिकपासून तासा-दीड तासावर आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ मध्ये उभे राहिले. कांद्याला मोड येऊ नयेत, हा त्याचा मूळ हेतू. पण २००७ मध्ये याच केंद्राला अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि अठरा वर्षांच्या खंडानंतर भारतीय आंबा अमेरिकेत पोहोचला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा दिली की फळमाशी आणि कोयीतील भुंगेरा पुढची पिढी वाढवू शकत नाहीत.

म्हणजे हापूसला अमेरिकेचे दार बंद नाही. बंद आहे ते प्रक्रिया न केलेल्या, नोंद नसलेल्या हापूसला. आणि कंपनीलाही माफी नाही. मे २०२५ मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांतील त्रुटीवरून भारतीय आंब्यांच्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या.

तरीही इथे एक सल उरतोच. कंपनीकडे प्रयोगशाळा, दलाल आणि कागदपत्रे असतात. आईकडे फक्त स्टीलचा डबा असतो. नियम दोघांनाही एकच असला, तरी तो पाळण्याची साधने एकाकडेच आहेत.

काय चालते, काय अडते?

प्रत्येक देशाचा नियम वेगळा आणि बदलता आहे. प्रवासापूर्वी त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहण्याला पर्याय नाही. तरी बॅग भरताना प्रत्येक पदार्थाला तीन प्रश्न विचारले तर निम्मे काम होते.

पहिला, हे पेरले तर उगवेल का? कच्चे धणे, मेथी, अळीव, मोड येऊ शकणारी कडधान्ये, हळकुंड, आले ही धोक्याच्या बाजूला. दुसरा, यात कीड जिवंत राहू शकते का? ताजी फळे, पाने, फुले, सुटे धान्य याच बाजूला. नीट भाजलेला, तळलेला, शिजवलेला पदार्थ तुलनेने सुरक्षित. चिवड्यातल्या तळलेल्या कढीपत्त्याची गोष्ट ओल्या जुडीपेक्षा वेगळी आहे, ती यामुळेच. तिसरा, हे जनावरापासून आले आहे का? सुके मटण, सुकट, अंडी, खवा, पेढे, मध यांबाबत सर्वाधिक कडकपणा असतो.

याखेरीज काही खाचखळगे आहेत. आखाती देशांत कीड हा मुद्दा नसून अमली पदार्थ हा आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगण्यास बंदी आहे. दुबईला निघालेल्या फराळाच्या डब्यातले अनारसे आणि करंजीचे सारण म्हणूनच आधी तपासावे. विड्याची पाने तिथे चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर इथेच अडतात, कारण तेलकट खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते आणि विमान वाहतुकीत ते घातक मालात मोडते. लोणचे आणि तूप हातातल्या बॅगेत ठेवले तर द्रवपदार्थाचा नियम लागतो.

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांची अडचण वेगळी आहे. त्यातली धान्ये भाजून दळलेली असतात, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली बेनाव पूड समोरच्या अधिकाऱ्याला ओळखता येत नाही. बंद पाकीट आणि त्यावर इंग्रजीत घटकांची यादी असेल, तर ओळखायला निदान काहीतरी असते. नाशिकच्या चिवड्याचे कारखान्यात भरलेले पाकीट सहसा सुटते आणि घरचा तितकाच चांगला चिवडा प्रश्नांच्या फेऱ्यात सापडतो, त्याचे कारण चव नाही, कागद आहे.

तक्रार कुठे रास्त आहे?

नियम रास्त असले, तरी ते सांगण्याची पद्धत रास्त आहे असे म्हणता येत नाही. दंडाची भाषा इंग्रजी आहे आणि ज्यांना दंड होऊ शकतो त्यांतील अनेकांची भाषा ती नाही. मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांचा वर्ग गेल्या वीस वर्षांत मोठा झाला. तिकीट काढणारा दलाल विमा आणि व्हीलचेअरबद्दल विचारतो, डब्याबद्दल विचारत नाही. विमान कंपनी पॉवर बँकेबद्दल बजावते, बियांबद्दल गप्प राहते. परदेशातली मुले ‘काही आणू नका’ एवढेच सांगतात आणि आई ते मनावर घेत नाही.

दुसरी तक्रार सन्मानाची आहे. चार रात्री जागून केलेले लाडू डोळ्यांसमोर कचऱ्याच्या पेटीत जाताना पाहणे ही छोटी गोष्ट नाही. त्यात भाषा न कळणाऱ्या बाईंना चोरी पकडल्यासारखे वाटते. पण कायद्याच्या मनात हे लाडू नेहमीच संशयित असतात असेही नाही. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या अन्नाची आगाऊ सूचना अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते. या नियमातून, एखाद्याने स्वतःच्या घरी बनवून स्वतः भेट म्हणून पाठवलेले अन्न स्पष्टपणे वगळले आहे. कीड आणि रोगांचे नियम त्यालाही लागतात, पण ‘घरचे’ या शब्दाला तिथल्या नियमपुस्तकातही जागा आहे, हे विसरू नये.

पार्सल हा पर्याय असला तरी तोही बेभरवशाचा झाला आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंची शुल्कसवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतल्यावर भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सले थांबवावी लागली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना. फराळ वेळेत पोहोचणार कसा?

उपाय काय?

तीन गोष्टी फारशा खर्चाशिवाय होऊ शकतात. एक, माहिती मराठीत हवी. प्रवासी कंपन्या, व्हिसा केंद्रे आणि परदेशी शिक्षणाचे वर्ग यांनी देशनिहाय एक पानी यादी तिकिटासोबत दिली, तरी अर्धे प्रसंग टळतील. नाशिकमध्ये परदेशी शिक्षणाचे सल्लागार गल्लोगल्ली आहेत, त्यांनी शुल्कात एवढे तरी बसवावे.

दोन, फराळ आणि मसाले बनवणाऱ्या महिला बचत गटांना निर्यातयोग्य पाकीट आणि लेबल करण्याचे प्रशिक्षण हवे. घटक, वजन, तारीख, परवाना क्रमांक इंग्रजीत असलेले पाकीट परदेशी निघालेल्या गिऱ्हाईकाला चार पैसे जास्त देऊनही हवेच आहे. द्राक्षाच्या पेटीसाठी जिल्ह्याने जे शिकून घेतले, ते लाडवाच्या डब्यासाठी शिकणे अवघड नाही.

तीन, आणि हे घरातच होऊ शकते : आईला ‘हो’ म्हणायला शिकवणे. जवळच्या पदार्थांची नावे इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी पासपोर्टमध्ये ठेवावी, डबे बॅगेच्या वरच्या थरात ठेवावेत आणि प्रश्न आला की चिठ्ठी पुढे करावी. डिंक म्हणजे झाडाचा खाण्याचा गोंद, एवढी एक ओळ लिहिली तरी अर्धी शंका मिटते. अधिकारी डबा उघडेल, वास घेईल, एखादी गोष्ट काढून घेईल, उरलेली परत देईल. वीस मिनिटे जातील, पण लेकीच्या दारात पोहोचताना मनात भीती नसेल.

लाडू गेले तर तिथल्या भारतीय दुकानात डिंक मिळतो, तूप मिळते, आणि करणारे हात तर विमानातून उतरलेलेच असतात. त्या हातांवर खोटेपणाचा शिक्का बसू नये, एवढी काळजी घ्यायला हवी. ‘हो, सोबत खाण्याचे आहे’ हे वाक्य लाजण्यासारखे नाही.